उघडलेले इंजिन : निलंगा परिसरातील डिझेल ट्रक, सुटे भाग आणि वॉरंटी

डिझेल ट्रकचे इंजिन दुरुस्तीसाठी उघडले की मालकासमोर एक जुना प्रश्न उभा राहतो. खराब झालेला भाग होता तसाच नवा आणून बसवायचा, की त्या जागी अधिक मजबूत, सुधारित भाग घालायचा? हेड काढणे, चेंबर उतरवणे, पिस्टन बाहेर ओढणे या कामाची मजुरी दोन्ही वेळा सारखीच पडते. म्हणून ‘इंजिन उघडलेच आहे, तर हेही करून घ्या’ हा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. गाडी वॉरंटीत असेल, तर याच सल्ल्याने मालक गोत्यात येऊ शकतो. कंपनीने दिलेल्या भागाऐवजी दुसरा बसवला, तर पुढच्या बिघाडाची जबाबदारी कोणाची, यावर वाद सुरू होतो. निलंग्यासारख्या रेल्वे नसलेल्या तालुक्यात मालवाहतुकीचा सगळा भार रस्त्यावर असतो, त्यामुळे तिथे हा निर्णय घराच्या मिळकतीशी बांधलेला असतो. गेल्या सात दशकांत तो आधी मिस्त्रीच्या, मग कंपनीच्या आणि अखेर कायद्याच्या हातात गेला.

निलंगा लातूरच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर आहे. लातूरहून औशामार्गे येणारा रस्ता निलंग्याहून औराद शहाजानीकडे जातो आणि पुढे कर्नाटकात भालकी-बीदरला मिळतो. तेरणा आणि मांजरा यांचा संगम याच तालुक्यात आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये मराठवाड्याबरोबर तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० पासून महाराष्ट्रात आहे. आधी उस्मानाबाद जिल्ह्यात असलेला हा तालुका १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाल्यावर नव्या जिल्ह्यात गेला.

या भागाची बाजारपेठ लातूर. तिथे १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पोहोचली आणि व्यापार वाढला. पण ही रेल्वे अडीच फुटी अरुंद मापाची होती. लातूरहून निघालेला माल कुर्डुवाडीला उतरवून मोठ्या मापाच्या डब्यांत पुन्हा भरावा लागे. ही दुहेरी हमाली २००७-०८ मध्ये मार्ग ब्रॉडगेज होईपर्यंत सुटली नाही. दरम्यान निलंगा, औराद, कासारशिरसीकडची तूर, हरभरा, ज्वारी लातूरच्या अडतीला पोहोचवणे आधी बैलगाडीचे आणि मग ट्रकचे काम झाले. शेताच्या बांधापासून थेट मुंबई किंवा हैदराबादच्या गोदामापर्यंत एकदाच भरून जाणाऱ्या ट्रकने रेल्वेवर इथे मात केली, तिचे एक मोठे कारण कुर्डुवाडीची ही अदलाबदल होते.

मोटारवाहतुकीची सवय निजामाच्या राज्यात तशी लवकर लागली होती. संस्थानच्या रेल्वे खात्याने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनी सरकारी रस्ता वाहतूक सुरू केली. सरकारने प्रवासी बस चालवण्याच्या देशातल्या पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक. बसच्या कार्यशाळांतून तयार झालेले कारागीर पुढे खासगी धंद्यातही दिसू लागले. मराठवाड्यातल्या मिस्त्रीला आजही ‘उस्ताद’ म्हणतात आणि गॅरेजमध्ये दखनी, मराठी, कानडी अशी सरमिसळ चालते.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकायला काढलेले शेवरोले, फोर्ड, डॉज ट्रक देशभर पसरले. ही इंजिने पेट्रोलची होती आणि पेट्रोल महाग पडे. इंजिन झिजले की मालक ते पुन्हा बांधण्याऐवजी काढूनच टाकत आणि त्या जागी डिझेल इंजिन बसवत. इंग्लंडच्या पर्किन्स कंपनीचे सहा सिलिंडरचे पी-६ इंजिन यासाठी देशात फार चालले, आणि १९५० च्या दशकात मद्रासच्या सिंप्सन कंपनीने ते इथेच बनवायला घेतले. भारतीय ट्रकधंद्यातली ही पहिली मोठी सुधारणा म्हणता येईल. मूळ कारखान्याला विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण कारखाना सात समुद्रांपलीकडे होता आणि लष्करी लिलावातल्या गाडीला हमी कसली? माउंटिंग नव्याने वेल्ड करायचे, क्लच हाउसिंगला जोडपट्टी बनवायची, रेडिएटर मोठा बसवायचा. सगळा विचार मिस्त्रीचा आणि सगळी जोखीम मालकाची.

याच काळात डिझेल इंजिनाची ओळख गावोगाव होत होती. साताऱ्याच्या कूपरने आणि १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने विहिरीवरचे आणि पिठाच्या गिरणीचे इंजिन मराठी शेतकऱ्याच्या घरचे केले होते. नोझल, पंप, रिंगा, हेड-गॅस्केट ही नावे ट्रकच्या आधी विहिरीवर पोहोचली. एका सिलिंडरच्या इंजिनावर हात बसलेला मुलगा पुढे सहा सिलिंडरच्या इंजिनाला भीत नाही. मराठवाड्यातल्या ट्रक-मिस्त्रींची एक अख्खी पिढी या शाळेत शिकली, आणि तिची म्हणावी तशी दखल अजून कोणी घेतलेली नाही.

ट्रकच्या धंद्याला खरे वळण दिले टाटांनी. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक बाहेर पडला. करार संपल्यावर १९६९ मध्ये बोनेटवरचा तीन टोकांचा तारा गेला आणि टाटांचा ‘टी’ आला. दक्षिणेत अशोक लेलँड आणि मुंबईत डॉज-फार्गो बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स होतीच, पण मराठवाड्यातल्या गॅरेजची भाषा टाटाच्या आकड्यांनी घडवली. ‘बारा-दहा’ म्हणजे बारा टनी आणि शंभराच्या आसपास अश्वशक्तीची गाडी, ‘सोळा-बारा’ म्हणजे सोळा टनी आणि एकशेवीसच्या आसपासची. इंजिनाच्या नावातही माप असे. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटर बोअर, ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर. १९८६ मध्ये आलेल्या ४०७ गाडीचे ४९७ इंजिन चार सिलिंडरचे, बोअर तोच ९७.

या इंजिनांच्या बांधणीतच दुरुस्तीची सोय होती. ६९७ च्या ब्लॉकमध्ये सुटे लायनर असत. सिलिंडर झिजला की जुना लायनर प्रेसवर काढायचा, नवा दाबायचा, त्याला बोअर आणि होनिंग करायचे, की ब्लॉक पुन्हा नव्यासारखा. क्रँकशाफ्टचेही तसेच. जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजतात. गोलाई गेली असेल किंवा ओरखडा नखाला लागत असेल, तर क्रँक ग्राइंडिंगला जातो. एकदा घासला की पाव मिलिमीटर कमी, दुसऱ्यांदा अर्धा, मग पाऊण, मग एक. त्या त्या मापाचे जाड ‘मेटल’, म्हणजे क्रँकचे बेअरिंग, बाजारात मिळते. शेवटच्या मापानंतर क्रँक भंगारात. अर्धा मिलिमीटर घासलेला क्रँक पुन्हा घासायचा की नवा आणायचा, हा निर्णय उस्तादाने मालकाच्या डोळ्यांत बघून घ्यायचा असे. मालकाचा हप्ता फिटला आहे का, हंगाम तोंडावर आहे का, गाडी घाटात चालते की सपाटीवर, हे सारे त्या मापात मिसळे.

सुटे भाग तीन प्रकारचे: कंपनीचे ‘जेन्युइन’, त्याच कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखान्याचे त्याच्या स्वतःच्या नावाने विकले जाणारे, आणि लोकल. दुसरा प्रकार बहुतेकांना परवडे आणि टिके. पंप आणि नोझलच्या बाबतीत बंगळूरच्या मायकोचा, म्हणजे १९५१ मध्ये बॉशच्या सहकार्याने सुरू झालेल्या कंपनीचा, दबदबा होता. पुढे तिचा कारखाना नाशिकलाही आला. टंचाईच्या काळात आयातीवर निर्बंध होते आणि नवा ट्रक नंबर लावून मिळे, त्यामुळे जे आहे ते टिकवणे भाग होते. त्या काळातली ‘सुधारणा’ ही चैन नव्हती. जाड गॅस्केट, क्रोम चढवलेली रिंग, मोठा ऑइल फिल्टर यांचा हेतू एवढाच की इंजिन पुन्हा लवकर उघडावे लागू नये.

एक सुधारणा मात्र घातक होती, आणि ती सर्वांत लोकप्रिय होती: पंप वाढवणे. इंधन पंपाच्या गव्हर्नरवर जास्तीत जास्त इंधनाची मर्यादा ठरवणारा स्क्रू असतो. कारखान्यात तो बसवून त्यावर तार ओवतात आणि शिशाचे सील दाबतात. सील तोडून स्क्रू फिरवला की गाडी ओढीला जोर धरते, धूर काळा होतो आणि एक्झॉस्ट तापते. काही हजार किलोमीटरनंतर पिस्टनचा माथा भाजतो किंवा हेडला तडा जातो. वाढवलेल्या पंपामागे बहुतेक वेळा क्षमतेपेक्षा जास्त भरलेला माल असे. पुढे वॉरंटीच्या वादात हेच तुटलेले सील कंपनीचा पहिला पुरावा ठरले.

१९७५ च्या राष्ट्रीय परवाना योजनेने एका राज्याचा ट्रक इतर राज्यांत मोकळेपणे जाऊ लागला. लातूरच्या डाळमिली आणि तेलगिरण्या वाढल्या, अंबुलग्याला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तशी गाड्यांची फेरी लांबली. मग आला ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. त्याच्या केंद्राजवळचे किल्लारी औसा तालुक्यात, पण निलंगा तालुक्यातल्या गावांनाही त्याचा तडाखा बसला. ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवायची ठरली. त्यासाठी लागलेली वाळू, खडी, सिमेंट आणि सळई रस्त्यानेच आली. मदतीचे आणि मग बांधकामाचे ते काम या भागातल्या जुन्या गाड्यांनी केले, कच्च्या रस्त्यांवर आणि धुळीत. धूळ हा रिंगा-लायनरचा सगळ्यात मोठा शत्रू. एअर फिल्टरमधून निसटलेली चिमूटभर धूळ महिन्याभरात इंजिनाला ऑइल प्यायला लावते.

त्याच वर्षी टाटा आणि अमेरिकेच्या कमिन्स कंपनीने जमशेदपूरला संयुक्त कारखाना उभारण्याचा करार केला. त्यातून ५.९ लिटरचे बी-मालिकेचे टर्बो इंजिन टाटाच्या ट्रकमध्ये आले. कमिन्स हे नाव महाराष्ट्राला नवे नव्हते, पुण्याच्या कोथरूडमध्ये किर्लोस्कर-कमिन्स १९६२ पासून होती. तरी ट्रकच्या गॅरेजला हे इंजिन परके वाटले, कारण त्यात लायनरच नव्हता. पिस्टन थेट ब्लॉकच्या ओतीव लोखंडात चालतो. झिजला तर ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन घालायचा, नाहीतर खास दुरुस्ती-स्लीव्ह बसवायची. दोन्हींना अचूक यंत्र लागते, तालुक्याच्या गॅरेजला ते सहज मिळत नाही.

टर्बोबरोबर दुसरा धडाही आला. टर्बोच्या इंजिनाचा पिस्टन वेगळा असतो. त्याला खालून ऑइलची धार थंड करते, त्याचे कॉम्प्रेशन वेगळे असते आणि हेड-गॅस्केट जास्त दाब सोसणारे असते. साध्या ६९७ ला नुसता टर्बो जोडला, तर वाढलेली उष्णता त्या पिस्टनला सोसत नाही. इंजिन ही साखळी आहे. एक कडी मजबूत केली की ताण पुढच्या कडीवर जातो. पिस्टन सुधारला तर कनेक्टिंग रॉडचे, रॉड सुधारला तर मेटलचे आणि ऑइल पंपाचे काय, असे विचारत शेवटपर्यंत जावे लागते. एका भागापुरता विचार करून केलेली सुधारणा डिझेल इंजिनात क्वचितच लाभते.

वॉरंटी पूर्वीही होती, पण मुदत अल्प. आणि दुरुस्ती करणारे अधिकृत केंद्र जिल्ह्याच्या किंवा त्याहून मोठ्या शहरात. ट्रक उभा राहिला की भाडे बुडते आणि हप्ता थांबत नाही. म्हणून छोटा बिघाड असला तर मालक वॉरंटी सोडून देऊन गावातच काम करून घेत. स्पर्धा वाढली तशी कंपन्यांनी मुदत वाढवली. २०१८ च्या आरंभी टाटा मोटर्सने मोठ्या ट्रकांच्या ड्राइव्हलाइनवर सहा वर्षांची वॉरंटी जाहीर केली. आता सोडून देण्याजोगी ती गोष्ट राहिली नाही, आणि तिच्या अटी वाचणे मालकाच्या पोटापाण्याचा विषय झाला.

कायद्यात या शब्दाला जुना आधार आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १२ ने ‘शर्त’ आणि ‘हमी’ यांत फरक केला. शर्त मोडली तर खरेदीच रद्द करता येते, हमी मोडली तर भरपाई मागता येते. पण त्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागे, आणि एका ट्रकच्या मालकाला ते झेपण्यासारखे नव्हते. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला, पण त्यात ‘व्यापारी हेतूने’ वस्तू घेणारा ग्राहक नाही असे म्हटले होते. ट्रक तर धंद्यासाठीच घेतला जातो. मग ट्रकमालक ग्राहक की नाही? १९९३ च्या दुरुस्तीने स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला यातून सूट मिळाली. १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उदाहरणच ट्रकचे दिले: ट्रक घेऊन तो स्वतः भाड्याने चालवणारा मनुष्य ग्राहक आहे. दहा गाड्यांचा ताफा ठेवणाऱ्या वाहतूक कंपनीला हा आधार मिळेलच असे नाही. निलंगा-औराद पट्ट्यातल्या स्वतः स्टिअरिंगवर बसणाऱ्या एका गाडीच्या मालकासाठी मात्र हा निकाल फार मोलाचा आहे, आणि तो प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लावण्याच्या लायकीचा आहे.

दुसरीकडे इंजिनाच्या धुरावरचे नियम कडक होत गेले. भारत स्टेज-३ देशभर २०१० मध्ये आला. स्टेज-४ आधी मोठ्या शहरांत लागू झाला आणि देशभर १ एप्रिल २०१७ पासून. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी स्टेज-३ गाड्यांची विक्री त्या तारखेपासून बंद केली, तेव्हा शेवटच्या दोन दिवसांत शोरूमबाहेर गर्दी उसळली. जुन्या पद्धतीचे इंजिन मिळण्याची ती अखेरची संधी होती. १ एप्रिल २०२० पासून स्टेज-६ आले. डिझेलमधले गंधक दहा लाखांत ५० भागांवरून १० वर उतरले. पूर्वीचे नोझल सुमारे २०० बारवर उघडे आणि हातपंपाच्या टेस्टरवर तपासता येई. नव्या कॉमन रेल पद्धतीत दाब १६०० बार व त्याहून वर जातो. प्रत्येक इंजेक्टरवर कोड कोरलेला असतो आणि तो संगणकात भरावा लागतो. एक्झॉस्टमध्ये ३२.५ टक्के युरियाचे द्रावण फवारले जाते, टाकी रिकामी झाली की गाडी स्वतःच ताकद कमी करते. चिप बदलून ताकद वाढवली किंवा एक्झॉस्टचा फिल्टर काढून टाकला, तर वॉरंटी जातेच, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चाही भंग होऊ शकतो, कारण नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल त्याला चालत नाही.

बाहेरच्या जगातही हा पेच आहेच. अमेरिकेत फोर्डच्या २००३ ते २००७ च्या पिकअपमधील सहा लिटर डिझेल इंजिनाची हेड-गॅस्केट वारंवार जात. इंजिन नॅव्हिस्टारने बनवलेले, आणि वॉरंटीच्या खर्चावरून दोन्ही कंपन्या २००७ मध्ये न्यायालयात गेल्या. मालक बोल्टऐवजी मजबूत स्टड घालू लागले, पण वॉरंटीच्या दुरुस्तीत डीलर मूळ प्रकारचे बोल्टच बसवी. तिथे १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यामुळे ‘आमच्याच छापाचा भाग वापरला नाही म्हणून हमी रद्द’ असे कंपनीला सरसकट म्हणता येत नाही. भारतात त्या दिशेने एक पाऊल ऑगस्ट २०१४ मध्ये पडले. सुटे भाग खुल्या बाजारात न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले एवढ्याच कारणाने वॉरंटी सरसकट रद्द करण्यावर बोट ठेवले. प्रकरण अपिलांत गेले, आणि ते मोटारगाड्यांपुरते होते. ट्रकसाठी असा स्पष्ट आदेश व्हायला हवा.

तोपर्यंत वॉरंटीतल्या दुरुस्तीत निर्णय कसा घ्यावा, हे या इतिहासातूनच ठरते. बाहेरचा ‘मजबूत’ भाग वॉरंटी संपेपर्यंत घालू नये. त्याऐवजी अधिकृत केंद्राला एक प्रश्न विचारावा: या भागाचा नवा, सुधारित पार्ट नंबर निघाला आहे का? वारंवार बिघडणारा भाग कंपन्या गाजावाजा न करता बदलतात आणि जुन्या नंबरच्या जागी नवा देतात. सुधारणा मिळते, हमीही राहते. दुसरे, इंजिन-गिअरबॉक्स उतरलेले असताना क्लच प्लेट, क्रँकचे मागचे ऑइल सील, वॉटर पंप, होज पाइप असे झिजणारे भाग स्वतःच्या पैशाने, पण कंपनीचेच, बदलून घ्यावेत. उतरवण्याची मजुरी वाचते आणि कोणाला बोट दाखवता येत नाही. बदललेल्या भागाला सहसा मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच लागू होते, म्हणून जॉब कार्डवर भागाचा नंबर, गाडीचे किलोमीटर, आत आल्याची आणि बाहेर पडल्याची तारीख नोंदवून घेणे गरजेचे. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागावे. भेसळीचे डिझेल आणि जादा भार ही नकाराची नेहमीची कारणे असतात, त्यामुळे पेट्रोल पंपाच्या पावत्या आणि काट्याच्या चिठ्ठ्या जपणाऱ्या मालकाची बाजू भक्कम राहते.

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार विक्रेत्याच्या गावी जाऊन करावी लागत नाही. मालक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात ती दाखल करता येते. ५० लाखांपर्यंत किंमत दिलेल्या ट्रकसाठी निलंग्याच्या मालकाला ते ठिकाण लातूर आहे, आणि मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे.